वन्संची आगाऊ वस्तू

चार उशांपैकी दोन उशांना अभ्रे घालून झाले होते. तिसरी हनुवटीखाली दाबून मी अर्धी आत सरकवली होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. आमच्याकडे बेल आहे. दूधवाला, टपालवाला, साखर मागायला येणारी शेजारीण, सगळे बेलच दाबतात. म्हणून उशी तशीच काखेत मारून मी दार उघडलं, तर समोरच्या गोदामाचा मालक उभा.

"वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला.

तोपर्यंत मी घाबरले नव्हते.

"चित्रं काढणाऱ्या ताई आहेत ना घरात? दोन मिनिटं बोलायचं होतं." त्याच्या हातात या आठवड्याचं साप्ताहिक होतं. गुंडाळी करून, माशी मारायला धरतात तसं धरलेलं.

ही कालची सकाळ. आज मी हे सुट्या कागदांवर लिहिते आहे. रोजची वही हाताशी नाही, ती कुठे आहे ते ओघात येईलच. पण आधी ताई कोण हे सांगायला हवं, नाहीतर एक बाई आणि एक डबा यांच्यावरून एवढा थरकाप कशाला, ते कुणाला कळायचं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "बघायला आलेला प्रत्येक माणूस मी मागाहून कागदावर काढून बघितला. एकही नीट बसला नाही." पंचवीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. कुठला नळ कुठे मिळतो, झडप कुठे, गळती कुठे. त्यामुळे त्यांचा हात असा तयार झालाय की जे दिसतं ते तंतोतंत उतरतं, आणि जे दिसत नाही ते काही केल्या उतरत नाही. मनातून चेहरा काढा म्हटलं की वन्सं बटाटा काढतात.

आणि वन्संइतकं भित्रं माणूस मी पाहिलेलं नाही. झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघतात. फोन वाजला की आमच्या तोंडाकडे बघतात, जसं काही आम्हीच तो आतून वाजवतोय. आलेलं पाकीट फोडण्याआधी उजेडात धरून पाहतात. पाल दिसली तर स्टुलावर. हे म्हणतात, "ताई, अख्ख्या गावाची पोरं तुझ्या चित्रांच्या जिवावर शूर झाली आणि तू मात्र भित्री भागूबाई राहिलीस." त्यावर वन्संचं उत्तर ठरलेलं, "म्हणूनच मला ती चित्रं येतात, बाळ्या. न भिणाऱ्याच्या हातून येणार नाहीत ती."

ती चित्रं म्हणजे भिंतपारची. मुलांच्या साप्ताहिकात गेली अकरा वर्षं चाललेली गोष्ट आहे. भिंतपार दिवसा टपाल कचेरीत पत्रांची छाननी करतो, अंगात उसवलेला स्वेटर. कुणी कुठे कोंडलं गेलं, अडकलं, की तो भिंतीतून पलीकडे जातो आणि त्या माणसाला घेऊन येतो. बाकी त्याला काहीही येत नाही. उडता येत नाही, मारामारी तर नाहीच. मला आधी हे पटत नसे. संकटात माणसाने देवाचं नाव घ्यावं, स्वेटर घातलेल्या कारकुनाची वाट कसली बघायची! वन्संना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, त्याला पाठवतं कोण असं तुला वाटतं?" तेव्हापासून मीही वाचते.

मजकूर लिहितात मास्तर. गणिताचे निवृत्त शिक्षक, दुसऱ्या गावात राहतात. अकरा वर्षांत दोघांची भेट नाही, नुसती पाकिटं येतात नि जातात. त्यांची काम करायची रीत मी स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून शिकले. मास्तर आधी प्रकरण लिहून पाठवतात. वन्सं ते तीनदा वाचतात आणि जे लिहिलंय ते सोडून उरलेलं काढतात. "तो घाबरून पळाला असं लिहिलंय ना? मग पळणारा माणूस मी कशाला काढू? मी जिन्यावर राहिलेली एक चप्पल काढते." चित्र मास्तरांकडे गेलं की ते लाल पेन्सिल घेऊन बसतात, आणि चित्राने जे सांगितलं तेवढी वाक्यं मजकुरातून खोडतात. एकदा वन्संनी एक विहीर अशी काढली की मास्तरांनी अख्खं पान खोडून खाली एकच ओळ ठेवली, 'त्याने आत पाहिलं.' नुसती विहीर मी टेबलावर पाहिली होती, काही वाटलं नव्हतं. ती ओळ आणि ती विहीर शेजारी छापून आल्यावर मात्र दोन दिवस मी पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं नाही.

सुरुवातीला भिंतपार कशालाच भीत नसे. मास्तरांचा तो लाडका, छाती काढून भिंतीत शिरायचा. वन्संनी त्याला मोज्यांवर काढला, बूट बाहेर, आणि मोज्यांत पायाची बोटं आत वळलेली. मास्तरांचं पत्र आलं, 'बाई, हा घाबरलाय का?' वन्संनी उलट टपाली कळवलं, 'पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. मी असते तर घाबरले असते.' तेव्हापासून भिंतपार प्रत्येक भिंतीत भीत भीत शिरतो, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकतात.

दोघांचा एक खेळही आहे. प्रत्येक चित्रात वन्संनी एक तरी वस्तू अशी घालायची जी मजकुरात नाही आणि जी कुणी मागितलेली नाही. तिला दोघं 'आगाऊ वस्तू' म्हणतात. आणि मास्तरांवर बंधन असं की पुढच्या प्रकरणात त्या वस्तूला काम द्यायचं. एकदा वन्संनी उगीच एका उंच छपरावर बकरी काढली. शिडी नाही, जिना नाही. मास्तरांना तीन आठवडे ती बकरी खाली उतरवता येईना. संपादकांचा फोन आला, "बाई, एवढी बकरी आवरा."

आता या वर्षीची गोष्ट. खलनायक कुलूपराव. माणसं कोंडून ठेवतो, किल्ल्या अंगठ्यात अडकवलेल्या कडीला. मास्तरांनी लिहिलं होतं, 'चेहरा असा की पाठ फिरली की विसरला जावा.' असा चेहरा वन्संनी आणायचा कुठून? त्यांचं टेबल पुढच्या खोलीत खिडकीला लावलेलं आहे. खिडकीसमोर गल्ली, गल्लीपलीकडे गोदामाची लांब भिंत, भिंतीत एक लोखंडी दार आणि त्याला तीन पायऱ्या. फाटकाशी खुर्ची टाकून गोदामवाला बसलेला असतो. वन्संनी त्याचाच चेहरा उचलला. बाहेर आलेले कान, मध्येच थांबल्यासारखं नाक. वर एक झुपकेदार मिशी चिकटवली.

मी म्हटलं, "वन्सं, हा समोरचा ना?"

"मिशी लावली की कोण ओळखतंय!"

खरंच, दहा आठवडे कुणी ओळखलं नाही. अकराव्या प्रकरणात मास्तरांनी, त्या बिचाऱ्यांना काय माहीत, कुलूपरावाला पोलिसांना चकवण्यासाठी मिशी काढायला लावली. वन्संनी ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "आता गं?" नाक बदलता येईना, दहा अंकांत छापून गेलेलं. शेवटी होतं तसं काढलं. म्हणजे वेश पालटायला म्हणून गोष्टीतल्या माणसाने मिशी काढली, आणि आमचा गोदामवाला जसाच्या तसा अंकात येऊन बसला. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं फाटकापुढून "कुलूपराव, वाजले किती?" असं ओरडत पळाली. आम्ही दोघी पडद्याआड तोंड दाबून हसलो.

त्याच चित्रात आगाऊ वस्तू म्हणून वन्संनी एक जेवणाचा डबा घातला होता. लोखंडी दाराच्या पायरीवर ठेवलेला, झाकण बुटाच्या नाडीने बांधलेलं. खिडकीतून दिसला, काढला. मास्तरांनी नेमाप्रमाणे त्याला काम दिलं. या आठवड्याच्या अंकात, बाराव्या प्रकरणात, छापलंय, 'हा डबा ज्याचा, तो कुठेही गेलेला नाही. तो आत आहे.' आणि प्रकरण संपताना भिंतपार त्या भिंतीसमोर उभा, मोज्यांवर.

तोच अंक घेऊन गोदामवाला काल आमच्या घरात शिरला.

वन्सं टेबलाशी होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, तो आपणहून बसला. मी उशी घेऊन दाराशी उभी.

"ताई, चित्र झकास काढता. फक्त नाक जरा लांब झालंय."

"कुणाचं?" वन्संचा आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू आला.

"कुलूपरावाचं हो. दुसऱ्या कुणाचं?" तो हसला. "पोरं चिडवतात. चालायचंच. म्हटलं, आपणही एकदा वाचून बघावं. वाचलं. छान आहे. डबा कुठे बघितलात?"

"डबा काय... डबा सगळ्यांच्याच घरी असतो."

"बुटाची नाडी बांधलेला?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चहा टाकू?"

"नको. उशी ठेवा खाली वहिनी, हात भरून येईल." माझ्याकडे न बघताच म्हणाला. मग वन्संना, "माझ्या पायरीवर डबा कधी नव्हता. रखवालदार मुलीकडे गेला, जाताना डबा घेऊन गेला. कुणी विचारलंच तर सांगा. पुढच्या अंकात काय होणार?"

"ते मास्तर लिहितात."

"चित्र तर तुम्ही काढता. रोज दहाला बसता इथे. मला तिथून दिसतं ना." त्याने मान वळवून खिडकीतून स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "मी म्हणतो, जाऊ दे त्याला परत. भिंत जाड निघाली म्हणायचं. पोरांच्या गोष्टीत काय, काहीही खपतं."

उठताना त्याने टेबलावरची वन्संची पेन्सिल उचलली, टोक बोटाने चाचपून बघितलं, आणि खिशात घालून निघून गेला. एका पेन्सिलीची ती काय मातबरी. पण वन्सं त्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

रखवालदार म्हणजे बाबा. सगळे त्यांना बाबाच म्हणत. उतारवयाचा माणूस, गोदामाच्या पायरीवर बसून दुपारी डबा खायचा आणि आमच्याकडून गार पाणी न्यायचा. पाच आठवड्यांपूर्वी यायचे थांबले. मी फाटकाशी जाऊन विचारलं, तर गोदामवाला म्हणाला, मुलीकडे गेले, गुडघे धरले होते. मी म्हटलं बरं झालं, म्हातारपणी लेकीची सावली मिळाली. लोखंडी दाराला दुसरं कुलूप आलं, तेव्हाही माझ्या काही मनात आलं नाही. रखवालदार नाही म्हणून कुलूप, असं वाटलं.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. आधी हसले, "तरी ताई, तुला सांगत होतो, बटाटाच काढत जा!" मग पेन्सिलीचं ऐकलं आणि गंभीर झाले. "दे काढून भिंत जाड. दोन रेघा जास्त मारायच्या. नसती ब्याद कशाला घरात आणायची?"

वन्संनी मास्तरांचं नवं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. तेराव्या प्रकरणाचा मजकूर, जो आज दुपारपर्यंत चित्रासह साप्ताहिकाच्या कचेरीत पोहोचायचा आहे. मजकूर कसला, एकच वाक्य होतं, 'भिंतपार आत गेला.' खाली पानभर कोरी चौकट आखलेली, आणि सोबत चिठ्ठी, 'बाई, पलीकडे काय आहे ते मला सुचत नाही. या खेपेला तुम्ही आधी काढा, मग पुढचं मी लिहितो.'

"मला दिसत नाही ते काढता येत नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि जाड भिंत काढायची तर ती तरी मला कुठे दिसतेय?"

आज सकाळी हे आठ वाजता कामावर गेले. मी चहाची भांडी विसळत होते. वन्संनी हाक मारली म्हणून पुढे आले, तर जमिनीवर त्यांच्या रेखाटनाच्या वह्या उघडून मांडलेल्या. रोज दहाला बसल्यावर आधी हात मोकळा करायला वन्सं समोर दिसेल ते काढतात. फाटक, खुर्ची, लोखंडी दार, पायऱ्या, विजेचा खांब. रोज तेच, खाली तारीख आणि वेळ.

"बाबा कधी गेले गं? तुझ्या वहीत असेल."

माझी वही म्हणजे दिवसभरात काय घडलं, कोण आलं, काय मनात आलं, ते झोपण्याआधी देवाचं नाव घेऊन लिहायचं, इतकंच. शोधून वाचलं, 'गोदामवाले म्हणाले, रखवालदारबाबा काल मुलीकडे गेले. देव त्यांचे गुडघे बरे करो.' गेल्या महिन्याची पाच तारीख. म्हणजे बाबा गेले चारला.

वन्संनी सहा तारखेचं पान माझ्याकडे सरकवलं. पायरीवर डबा. सात तारीख, डबा. नऊ, दहा, बारा. सगळ्या पानांवर डबा, कधी दाराच्या डावीकडे, कधी उजवीकडे.

"विसरून गेले असतील," मी म्हटलं.

"विसरलेला डबा रोज जागा बदलतो?"

"मग गोदामवाला स्वतः जेवत असेल त्यात."

वन्संनी भिंग हातात दिलं. "ही गाठ बघ. प्रत्येक पानावर हीच आहे. एकच फासा, आणि नाडीचं एक टोक लांब लोंबतंय. काढताना रोज मनात यायचं, धड गाठ मारायला काय होतं या माणसाला?"

मी बघितलं. आणि मला आठवेना काय आठवतंय ते. वही मागे मागे चाळत गेले. तीन महिन्यांपूर्वीचं एक पान सापडलं, ते मी मोठ्याने वाचायला लागले. 'बाबांना पाणी दिलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत, तरुणपणी यंत्रात गेली होती. डब्याची नाडी उजव्या हाताने आणि दातांनी बांधतात. एकच फासा बसतो, एक टोक लांब राहतं. म्हटलं मी बांधून देऊ का नीट? तर म्हणाले, बाई, तुमची गाठ सोडायला मग दुसरे दात कुठून...'

वाचता वाचता मी ती वही वन्संच्या वह्यांशेजारी उघडी ठेवली.

माझ्या वहीत ती गाठ कुणाची ते होतं. वन्संच्या वहीत ती कधी आणि कुठे बांधली गेली ते होतं. पाच आठवडे दोन्ही वह्या एकाच घरात, दोन खोल्यांत पडून होत्या. बाबा मुलीकडे गेल्यानंतरही रोज सकाळी कुणीतरी दातांनी डबा बांधून बाहेर देत होतं.

"शेवटचा डबा कधीचा?" मी विचारलं.

वन्सं उलट्या बाजूने पानं मोजायला लागल्या. रिकामी पायरी, रिकामी पायरी. मोजता मोजता थांबल्या. "नऊ दिवस झाले."

नऊ दिवसांपूर्वी अकरावा अंक आला. मिशी काढलेला कुलूपराव आणि पायरीवरचा डबा.

"माझं चित्र बघून डबा बंद झाला," वन्सं म्हणाल्या.

"आतल्या आत देत असेल आता. बाहेर दिसू नये म्हणून."

"किंवा देतच नसेल."

मी देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले, पण ओठांवर नाव येईना, नऊ हा आकडाच येत राहिला. बाबांनी काय पाहिलं असेल, त्यांना का कोंडलं असेल, आम्हाला काही माहीत नाही. त्या गोदामात खोकी येतात, खोकी जातात, इतकंच आम्ही बघतो.

मग एक अशी गोष्ट झाली जी मी या घरात कधी पाहिली नव्हती. वन्संनी आपणहून फोन उचलला आणि पोलीस चौकीचा नंबर फिरवला. पलीकडच्या शिपायाला सगळं सांगितलं. मी कान लावून होते. तो म्हणाला, "नाडीची गाठ? बाई, गाठीवरून मी कुणाचं कुलूप तोडू? मुलीकडे गेलाय म्हणताय ना. असं फोनवर नाही समजत. साहेब अकराला येतात, काय असेल ते घेऊन या." आणि हसला. वाईट हसला नाही, पोरांच्या गोष्टीला हसावं तसं.

ह्यांना फोन लावला. "मी येईपर्यंत काही करू नका, ताई."

"नऊ दिवस काहीच केलेलं नाही, बाळ्या," म्हणून वन्संनी ठेवून दिला.

मग त्यांनी टेबलावर एक मोठा कागद अंथरला. कात्री, गोंद. "साहेबांना एका नजरेत दिसलं पाहिजे. सांगून दिसत नाही, आत्ता ऐकलंस ना? तू ओळी वाच, मी लावते." त्यांनी रेखाटनाची सात पानं वहीतून फाडली. अकरा वर्षांत वन्संनी वहीचं पान फाडलेलं मी पाहिलं नव्हतं. मी माझ्या वहीतलं वाचायला लागले, आणि त्या मास्तरांसारख्या खोडायला लागल्या.

"'देव त्यांचे गुडघे बरे करो' नको."

"अहो, ते मी मनापासून लिहिलंय."

"म्हणूनच नको. साहेब तिथेच थांबतील. तारीख ठेव. गोदामवाले म्हणाले, ते ठेव."

"एकच फासा, एक टोक लांब?"

"खोड. ते चित्रात दिसतंय. दात ठेव. दात चित्रात नाहीत."

"आणि आगाऊ वस्तू?" मी विचारलं. काय बोलून गेले ते माझं मलाच कळलं नाही.

"यात काही आगाऊ नको. दिसलं तेवढंच." कात्री रेघेवरून ढळली नाही. शेवटच्या चौकटीत त्यांनी कालच्या सकाळचं पान लावलं. रिकामी पायरी, दाराला दोन कुलपं. त्याखाली माझ्याकडून एकही ओळ मागितली नाही.

कागद तयार झाला तेव्हा दहा वाजले होते. तो कागद, उरलेल्या वह्या आणि माझी वही, सगळं भाजीच्या पिशवीत गेलं आहे, वर टॉवेल. पण निघता येत नाही. आमच्या घराला दार एकच, ते गल्लीत उघडतं, आणि फाटकाशी तो खुर्ची टाकून बसलाय. रोज पावणेअकराला तो ट्रकबरोबर वजनकाट्यावर जातो. तेही वन्संच्या वह्यांतूनच कळलं. त्या वेळेनंतरच्या सगळ्या पानांवर खुर्ची रिकामी आहे.

म्हणून वन्सं रोजच्यासारख्या खिडकीशी बसल्या आहेत. समोर कागद, हातात दुसरी पेन्सिल. त्या काढल्यासारखं करतायत, कागदावर काही उमटत नाही. तेराव्या प्रकरणाची चौकट बाजूला कोरीच पडली आहे. संपादकांचा फोन दोनदा वाजून गेला. मी खिडकीखाली जमिनीवर बसून हे लिहिते आहे, म्हणजे बाहेरून माझं डोकं दिसायला नको. जपमाळ घेतली होती, पण मणी पुढे सरकले की मागे, ते कळेना, म्हणून ठेवली आणि कागद घेतले.

"बघतोय," वन्सं ओठ न हलवता म्हणाल्या. मघाशी म्हणाल्या, "उठला." मी पिशवी जवळ ओढली. "बसला परत. सावलीसाठी खुर्ची सरकवली."

मी विचारलं, "वन्सं, आणि ते आत नसलेच तर?"

"तर साहेब आपल्याला हसतील. आणि हा इथे राहील, आपण इथे राहू, आणि रोज याच्या तोंडाकडे बघावं लागेल."

"आणि असले तर?"

टेबलाखाली मला त्यांचे पाय दिसतायत. बाहेर जायच्या चपला त्यांनी दहा वाजल्यापासूनच घालून ठेवल्या आहेत.

ट्रक सुरू झाल्याचा आवाज येतोय. वन्सं म्हणतात, अजून थांब. अजून. तो पुढे बसला. ट्रक वळला. फाटक नुसतं लोटलंय, खुर्ची रिकामी आहे. पावणेअकरा होऊन चार मिनिटं झाली. चौकी चालत दहा मिनिटांवर आहे. पिशवी मी घेते, वन्सं पुढे होतायत. आम्हाला आता चौकीवर जायचं आहे.